हरवलेल्यांना शोधायचं कुणी?

मुंबई दूरदर्शनचा जुना काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना 'आपण यांना पाहिलंत का?' हे शब्द आठवत असतील. पडद्यावर एक धूसर छायाचित्र यायचं. नाव, वय, उंची, बांधा, अंगावरचे कपडे, घरातून गेल्याची तारीख. एखाद्या वर्णनाच्या शेवटी मनाच्या अवस्थेबद्दल चार शब्द असत आणि मग पुढचं छायाचित्र. घरातून रागावून गेलेली मुलं, नोकरीच्या शोधात निघून गेलेले तरुण यांच्या रांगेत ही माणसं जरा वेगळी होती. ती कुणावर रुसलेली नसत. त्यांना कुणी पळवलेलंही नसे. ती नुसती दारातून बाहेर पडलेली असत आणि परतीचा रस्ता त्यांच्या मनातून पुसला गेलेला असे.

अशा माणसांच्या शोधाचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे. हा इतिहास सर्वांत स्पष्ट दिसतो तो जपानमध्ये. एक तर त्या देशाइतकी म्हातारी लोकसंख्या दुसऱ्या कुठल्याही मोठ्या देशात नाही. दुसरं म्हणजे, स्मृतिभ्रंशामुळे बेपत्ता झालेल्यांची वेगळी मोजणी तिथले पोलीस २०१२ पासून करत आले आहेत. पहिल्या वर्षी हा आकडा ९,६०७ होता. २०२३ मध्ये तो १९,०३९ वर गेला. म्हणजे दर दिवशी पन्नासाहून अधिक घरांतून कुणीतरी पोलीस ठाण्यात जाऊन सांगत होतं, की आमचे वडील, आमची आई, आमची बायको बाहेर गेली ती आलीच नाही. यातली बहुतेक माणसं सापडतात, पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. पण दरवर्षी काहीशे जण जिवंत सापडत नाहीत.

या गोष्टीची जपानी समाजाला पहिल्यांदा जाणीव करून दिली ती एका कादंबरीनं. सावाको आरियोशी या लेखिकेची 'कोकोत्सु नो हितो' ही कादंबरी १९७२ साली आली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला. गोष्ट साधी आहे. नोकरी करणारी सून आणि बुद्धी ढासळत चाललेले सासरे. सासरे घराबाहेर पडतात आणि सून त्यांच्यामागे धावते. नवरा मात्र आपलंही पुढं असंच होईल या भीतीनं वडिलांकडे नीट पाहतसुद्धा नाही. (आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे चित्र जसंच्या तसं बसेल.) त्या काळी शोध म्हणजे सुनेची धावपळ. ती थकली की दाराला कुलूप. जपानभर असंख्य घरांनी दुसरा उपायच पाहिला नव्हता.

कुलुपाला पर्याय निघाला तो अगदी उत्तरेच्या टोकाला, होक्काइदो बेटावरच्या कुशिरो या बंदराच्या गावी. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. रात्री बाहेर राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला सकाळ बघायला मिळेलच असं नाही. १९९० मध्ये तिथली एक वृद्ध बाई घरातून गेली आणि मृतावस्थेत सापडली. अशा रुग्णांच्या कुटुंबीयांची एक छोटी संघटना गावात होती. त्या मंडळींनी विचार केला, की आपण घरचे चार लोक शोधून शोधून किती शोधणार? रात्री गावभर फिरत असतं कोण? टॅक्सीवाले फिरतात. ट्रकवाले फिरतात. पेट्रोल पंप उघडा असतो. स्थानिक रेडिओ घराघरांत लागलेला असतो. या सगळ्यांना पोलीस ठाण्याशी जोडून १९९४ साली त्यांनी एक साखळी उभी केली. घरातून फोन आला की पोलीस वर्णन सगळ्यांना कळवणार, रेडिओ ते सांगणार आणि टॅक्सीवाला गिऱ्हाईक शोधता शोधता रस्त्याच्या कडेलाही बघणार. यात नवं यंत्र एकही नव्हतं. जे लोक आधीपासून रस्त्यावर होते, त्यांना फक्त विचारलं गेलं. हीच पद्धत पुढे जपानभर गावोगाव गेली.

माणूस बाहेर पडतो तो का, हाही प्रश्न इथं येतो. जपानी भाषेत अशा फिरण्याला 'हाइकाइ' म्हणतात. अर्थ, उगाच भटकणं. आपणही 'भरकटला', 'चळला' म्हणतो. पण जवळून पाहणाऱ्यांना कळत गेलं, की हे फिरणं बहुधा 'उगाच' नसतं. निवृत्त होऊन वीस वर्षं झालेला माणूस सकाळी कामावर निघालेला असतो. एखादी आजी शाळा सुटायची वेळ झाली म्हणून मुलांना आणायला निघते आणि ती मुलं आता पन्नाशीची असतात. पुष्कळांना 'घरी' जायचं असतं, ते स्वतःच्या घरात बसलेले असले तरी. हे घर म्हणजे लहानपणीचं घर. इंग्लंडमध्ये जॉर्ज हर्बर्ट नावाचे एक वृद्ध सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर ते उतरले होते. स्मृतिभ्रंश झाल्यावर बालपणीचं घर शोधायला निघाले असताना त्यांचा मृत्यू झाला. तिथल्या पोलिसांनी त्यांच्या नावानं एक पद्धत सुरू केली. माणूस हरवण्याआधीच घरच्यांनी एक अर्ज भरून ठेवायचा. जुने पत्ते, जुनी नोकरी, आवडीच्या जागा, पूर्वी कुठे सापडला होता, सोबत अलीकडचा फोटो. म्हणजे पोलिसांनी शोध घ्यायचा तो आजच्या माणसाचा आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसाचाही. जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमानं याच समजुतीनं २००८ च्या सुमारास दारासमोर एक खोटा बसथांबा उभारला. घरी निघालेली माणसं बाहेर पडली की ओळखीचा थांबा बघून बाकावर बसत. थोड्या वेळानं कुणीतरी येऊन चहाला बोलावी. बसची वाट पाहण्याचा विषय तोवर मागे पडलेला असे. ही फसवणूक आहे का, यावर वाद आहेत. मला ती कुलुपापेक्षा पुष्कळ सभ्य वाटते.

शोधणाऱ्यांना आणखी एक गोष्ट शिकावी लागली. डोंगरात वाट चुकलेला गिर्यारोहक हाकेला ओ देतो, धूर करतो, उघड्यावर येऊन हात हलवतो. स्मृतिभ्रंशाचा माणूस यातलं काहीच करत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातले शोधतज्ज्ञ रॉबर्ट केस्टर यांनी १९९० च्या दशकात अशा घटना तपासल्या. त्यांना आढळलं, की हे लोक साधारण सरळ पुढे चालत राहतात, ते अडकेपर्यंत. झुडपात, कुंपणाशी, ओढ्याच्या घळीत. तिथे ते बसून राहतात. आपण हरवलो आहोत हेच त्यांना ठाऊक नसतं, मग मदतीची हाक कशी मारणार? आणि बहुतेकदा ते घरापासून फार लांब गेलेलेही नसतात. म्हणून पहिला शोध घ्यायचा तो घराजवळ. न दिसणाऱ्या कोपऱ्यांत, हाका मारत नव्हे तर झुडपं बाजूला करत. आपण नेमकं उलटं करतो. आधी एसटी स्टँड, मग रेल्वे स्टेशन, मग नातेवाइकांना फोन. या धावपळीत पहिले मोलाचे तास जातात.

जपाननं शब्दांचाही विचार केला. स्मृतिभ्रंशाला तिथे पूर्वी 'चिहो' म्हणत. तो शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहीत, त्यांचा अर्थ खुळा, बावळट असाच काहीसा होतो. २००४ साली सरकारनं तो शब्द काढून 'निन्चिशो', म्हणजे आकलनशक्तीचा विकार, हा शब्द आणला. शब्द बदलून रोग बरा होत नाही, हे खरं. पण खुळा सासरा हरवला असं सांगायला सून पोलीस ठाण्यात जाताना कचरते. आजारी माणसासाठी ती लगेच जाते. आपल्याकडे 'म्हातारचळ' आणि 'साठी बुद्धी नाठी' हे शब्द अजून हसत हसत वापरले जातात. ते ज्या घरात वापरले जातात, तिथला आजार बरीच वर्षं डॉक्टरपर्यंत पोचत नाही.

त्याच २००४ मध्ये क्यूशू बेटावरच्या ओमुता या शहरात एक वेगळा प्रकार सुरू झाला. ओमुता हे कोळशाचं गाव. तिथली मिइके खाण १९९७ मध्ये बंद पडली, तरुण निघून गेले, म्हातारी माणसं उरली. गावानं ठरवलं, की आग विझवण्याचा सराव जसा करतात तसा हरवलेला माणूस शोधण्याचाही करायचा. एका वस्तीपासून सुरुवात झाली आणि काही वर्षांत सगळं शहर त्यात आलं. एक स्वयंसेवक हरवलेल्या आजोबांची भूमिका घेऊन रस्त्यानं चालू लागतो. त्याचं वर्णन गावभर पाठवलं जातं. शाळेतली मुलं, दुकानदार, पोस्टमन यांनी त्याला ओळखायचं आणि त्याच्याशी बोलायचं.

ही बोलण्याची पायरीच सर्वांत अवघड निघाली. लोकांना माणूस दिसे, संशयही येई, पण पुढे होऊन बोलायला जीभ उचलत नसे. अनोळखी माणसाला 'तुम्ही हरवलात का?' असं कसं विचारायचं? तेव्हा जपानमध्ये तीन 'नको' शिकवले जाऊ लागले. दचकवू नको, घाई करू नको, मान दुखवू नको. मागून हाक मारायची नाही, समोरून यायचं. घोळक्यानं नाही, एकट्यानं. 'कुठे निघालात?' एवढंच विचारायचं आणि उत्तराची वाट पाहायची. आपल्याकडे कुणी तोंड उघडायच्या आत चार माणसं जमतात, मोबाइलवर चित्रीकरण सुरू होतं आणि अनोळखी भाषेत पुटपुटणारा माणूस मुलं पळवणारा ठरतो. २०१८ साली अशा अफवांतून आपल्याच राज्यात माणसं मारली गेली. म्हणून हे तीन 'नको' आपल्याला अधिकच लागू आहेत.

ओमुताच्या सरावाचं घोषवाक्य सुरुवातीला 'निर्धास्त भटकता येईल असं गाव' अशा अर्थाचं होतं. २०१५ मध्ये शहरानं सरावाच्या नावातून 'हाइकाइ' हा शब्दही काढून टाकला. माणूस कुठंतरी निघालेला आहे, तो भटकत नाही, हे त्यांना आता पटलं होतं.

पण एवढ्या सगळ्या साखळ्या आणि सराव असूनही जबाबदारी शेवटी कुणाची, हा प्रश्न कायद्यानं सोडवलेला नव्हता. तो सोडवायला एक अपघात व्हावा लागला. नागोया शहराजवळ ओबू नावाचं गाव आहे. ७ डिसेंबर २००७. तिथल्या एका घरात ९१ वर्षांचे गृहस्थ, त्यांची ८५ वर्षांची पत्नी आणि देखभालीला येणारी सून. थोरल्या मुलाची ही बायको योकोहामाहून खास सासऱ्यांसाठी जवळ येऊन राहिली होती. हे गृहस्थ आधी दोनदा घराबाहेर गेले होते. म्हणून घरच्यांनी कपड्यांवर नाव आणि फोन नंबर शिवले होते, घराच्या दाराला कुणी गेलं की वाजणारी घंटी बसवली होती. घराला दुसरंही एक दार होतं, जुन्या कचेरीचं. तिथली घंटी बंद ठेवलेली होती. त्या संध्याकाळी सून बाहेर आवराआवर करत होती. पत्नीचा काही मिनिटं डोळा लागला. तेवढ्यात ते गेले. खिशात पैसे नव्हते, तरी गाडीत बसले, पुढच्या क्योवा स्थानकावर उतरले, फलाटाच्या टोकाचं फाटक उघडून रुळांवर गेले. बहुधा लघवीला जागा शोधत असावेत. आणि गाडी आली.

रेल्वे कंपनीनं गाड्या खोळंबल्याची भरपाई मागितली, सुमारे ७२ लाख येन. ऑगस्ट २०१३ मध्ये नागोयाच्या जिल्हा न्यायालयानं पत्नी आणि थोरला मुलगा या दोघांना ती भरायला सांगितली. पत्नीचा दोष काय? तिचा डोळा लागला. मुलाचा दोष काय? दुसऱ्या दाराची घंटी बंद होती. एप्रिल २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं मुलाला सोडलं, रक्कम निम्म्यावर आणली, पण ती पत्नीवर ठेवली. जपानभर घराघरांत चर्चा सुरू झाली. स्वतःलाच आधाराची गरज असलेल्या म्हातारीनं रात्रंदिवस डोळ्याला डोळा लावायचा नाही? मग उरतं काय, पुन्हा कुलूपच ना? रुग्णांच्या कुटुंबीयांची देशव्यापी संघटना १९८० पासून काम करत होती. तिनं हेच विचारलं.

१ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही मुक्त केलं. केवळ पत्नी आहे किंवा थोरला मुलगा आहे, एवढ्यानं कुणी कायद्याच्या दृष्टीनं पहारेकरी ठरत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. ती व्यक्ती खरोखर लक्ष ठेवू शकत होती का, हे तिचं वय, तब्येत, राहण्याची जागा, रोजचा सहवास असं सगळं बघून ठरवायचं. सरसकट माफी दिलेली नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. पण रेल्वेचं नुकसान मग कुणी सोसायचं? त्याचं उत्तर नगरपालिकांनी काढलं. यामातो या शहरानं २०१७ मध्ये शोधसाखळीत नाव नोंदवलेल्या रुग्णांचा विमा उतरवायला सुरुवात केली, हप्ता नगरपालिकेचा. पुढे इतर शहरंही त्या वाटेनं गेली. कुशिरोत शोध गावाचा झाला होता, आता नुकसानही गावानं वाटून घेतलं.

ओबूचा अपघात झाला त्याच्या थोडं आधी, ऑक्टोबर २००७ मध्ये, एक वेगळी गोष्ट घडली होती. तोक्योच्या उत्तरेला तातेबायाशी या गावी रात्री एक बाई सापडली. साठीची असेल. तिला नाव सांगता येईना. ती तोक्योतल्या असाकुसा भागातून आली होती. पायमोज्यांवर आणि आतल्या कपड्यांवर घरच्यांनी तिचं नाव लिहून ठेवलं होतं. म्हणजे घरच्यांनी करायचं ते सगळं केलं होतं. पोलिसांनी नाव टिपलंही, पण देशभर कळवताना पहिल्या नावातली अक्षरं मागंपुढं झाली. तिकडे नवऱ्यानं दिलेल्या तक्रारीत नाव बरोबर होतं. दोन कागद एकमेकांना भेटले नाहीत. गावानं तिला एक तात्पुरतं नाव दिलं आणि आश्रमात ठेवलं. अशी सात वर्षं गेली. मे २०१४ मध्ये एनएचके या तिथल्या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं बेपत्ता रुग्णांवर कार्यक्रम केला, त्यात ती दिसली आणि नवऱ्यानं ओळखलं. तोवर ती अंथरुणाला खिळली होती. इथं बाई हरवलेली नव्हतीच, ती सात वर्षं एकाच पत्त्यावर होती. हरवलं होतं ते तिचं घर.

आपल्याकडेही ही उलटी हरवणूक फार मोठी आहे. कर्जतची श्रद्धा पुनर्वसन संस्था हेच काम करते. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये ते सुरू केलं. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करायचे आणि आठवण परतू लागली की गाव शोधून घरी पोचवायचं. डॉ. भरत यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो यासाठी.

नागपूरची एक हकीकत तर थेट तातेबायाशीची आठवण करून देते. आठ-एक वर्षांचा, धड बोलता न येणारा, मतिमंद मुलगा नागपूरच्या रेल्वे स्टेशनवर सापडला. आधी अनाथाश्रमात आणि तो बंद झाल्यावर एका कुटुंबात तो वाढला. शाळेसाठी आधार कार्ड काढायला गेले, तर यंत्र दरवेळी अर्ज फेटाळी. बोटांचे ठसे आधीच कुणाच्यातरी नावावर आहेत, असं सांगे. २०२१ मध्ये आधार केंद्राच्या व्यवस्थापकानं चिकाटीनं मागोवा घेतला. ते ठसे त्याचेच होते. हरवण्याआधी, २०११ साली, जबलपूरला त्याच्या आईवडिलांनी ते दिले होते. दहा वर्षांनी मुलगा घरी गेला. जपानमध्ये एका चुकीच्या नोंदीनं सात वर्षं नेली. इथं एक नोंद बरोबर होती, पण फेटाळलेल्या अर्जाकडे 'असं का?' म्हणून बघणारा माणूस भेटेपर्यंत तिचा उपयोग झाला नाही.

आता कायद्याचं. १९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्यानं रस्त्यात फिरणाऱ्या 'वेड्या'ला अटक करण्याचा अधिकार ठाणे अंमलदाराला दिला होता. शब्द अटक हाच होता. १९८७ च्या कायद्यात अटकेच्या जागी संरक्षण हा शब्द आला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं शंभरावं कलम आणखी पुढे जातं. अशा व्यक्तीला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचं नाही. चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचं. ती बेघर असेल किंवा फिरताना सापडली असेल, तर हरवल्याची नोंद करायची आणि तिच्या कुटुंबाचा शोध घेणं हे ठाणे अंमलदाराचं कर्तव्य. मनोविकाराच्या व्याख्येत स्मरण आणि दिशाभान यांचे विकारही आहेत, म्हणजे हरवलेले आजोबा या कलमात बसतात. मतिमंदत्व मात्र व्याख्येतून वगळलेलं आहे, त्यामुळे नागपूरच्या त्या मुलासारखी मुलं या कलमाच्या बाहेर राहतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढचे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशानं आजारी आहेत. त्यांच्या घरच्यांनी आज करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते स्वस्त आहे. अलीकडचा फोटो हाताशी ठेवावा. जुने पत्ते आणि जुन्या नोकरीची जागा एका कागदावर लिहून ठेवावी. कोपऱ्यावरचा वाणी, रिक्षा स्टँड आणि इस्त्रीवाला यांना आजाराबद्दल मोकळेपणानं सांगावं. माणूस दिसेनासा झाला की 'येतील इतक्यात' म्हणून थांबू नये, लगेच ठाण्यात जावं. चोवीस तास थांबायला हवं ही निव्वळ समजूत आहे, तसा नियम नाही.

खुणेच्या वस्तूही आता निघाल्या आहेत. जपानच्या इरुमा शहरानं २०१६ मध्ये नखावर चिकटवायची क्यूआर कोडची पट्टी काढली. कपडे बदलले तरी नखं बदलत नाहीत, हा त्यामागचा विचार. मुंबईत एका तरुण इंजिनिअरनं आधी रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी तशा कोडचे पट्टे केले आणि नंतर विस्मरणाच्या रुग्णांसाठी, विशेष मुलांसाठी गळ्यात घालायची पदकं. एप्रिल २०२४ मध्ये वरळीतून हरवलेला बारा वर्षांचा एक मुलगा कुलाब्यात सापडला. पोलिसांनी त्याच्या गळ्यातल्या पदकावरचा कोड मोबाइलनं वाचला, घरचा नंबर मिळाला आणि काही तासांत मुलगा आईवडिलांकडे होता.